फिटची वाट पाहताना

ज्यांच्या घरात कुणाला फिट येते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं यात मुद्दाम दिलेली नाहीत. आपल्याकडे शेजारणीची गोळी खाऊन स्वतःला बरं वाटवून घेणारे लोक कमी नाहीत, आणि माझ्यामुळे त्यात आणखी भर नको. मी डॉक्टर नाही. माझं माहेर धुळ्याचं, सासर सावद्याचं. सासरी केळीची शेती आहे, आणि माझी मुलगी ओवी होईपर्यंत मी गावातल्या ठिबक सिंचनाच्या दुकानात बिलं करायचे. मेंदूबद्दल मला जे काही कळतं ते माझ्याच मेंदूने मला फार त्रास देऊन शिकवलं आहे.

पाटावरची सकाळ

माझी फिट सिनेमातल्यासारखी नव्हती. तोंडाला फेस नाही, हातपाय झाडणं नाही. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, झोका खाली येताना होतं तसं. मग मी नसायचे. डोळे उघडे, बसलेली तशीच बसलेली, ओठ मात्र काहीतरी चघळल्यासारखे हलत राहायचे आणि उजवा हात पदराशी चाळा करायचा. मिनिटभराने, कधी दोन मिनिटांनी मी परत यायचे. डोकं जड झालेलं असायचं आणि मधलं काहीच आठवायचं नाही. लग्नाआधी कॉलेजात दोनतीनदा असं झालं होतं. मैत्रिणी म्हणायच्या, रूपाली तंद्रीत जाते. मीही तेच म्हणायचे. सासरीही पहिली दोन वर्षं तेच चाललं. दुकानात बिल करता करता मी थांबले की मालक हसायचे आणि म्हणायचे, वहिनींचं नेटवर्क गेलं.

ओवी दहा महिन्यांची असताना एका सकाळी मी तिला आंघोळ घालत होते. पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळाला पालथं घेऊन, जशी सगळ्या घालतात तशी. पोटातून ते वर चढलं एवढं मला आठवतं. पुढचं सासूबाईंनी सांगितलेलं आहे. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणतं. मी पण. ओवीचं रडणं वेगळं वाटलं म्हणून अक्का मोरीत आल्या, तर ओवी माझ्या पायांवरून घसरून ओल्या फरशीवर पडलेली. कपाळाला टेंगूळ. बादली कलंडून पाणी तिच्या तोंडापर्यंत आलेलं. आणि मी पाटावर ताठ बसून साबण माझ्याच गुडघ्याला चोळत होते, ओठ हलवत.

ओवीला काही झालं नाही. टेंगूळ दोन दिवसांत बसलं. पण त्या दिवसापासून मला तिच्यासोबत एकटं कुणी सोडलं नाही. असा नियम कुणी बोलून केला नाही. मी तिला उचललं की कुणीतरी शेजारी येऊन बसायचं. मी तिला दूध पाजायला आत नेलं की अक्का दारात निवडायला मेथी घेऊन बसायच्या. आंघोळ तर माझ्याकडून गेलीच. मी मोरीच्या बाहेर उभी राहून टॉवेल धरायचे. माझ्या पोरीची आई असण्याची मला रोज थोडी थोडी परवानगी मिळायची, आणि तीही कुणाच्या तरी नजरेखाली. मला राग यायचा. राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं, कारण सगळ्यांचं बरोबर होतं.

नाव कळलं तो दिवस

जळगावच्या डॉक्टरांनी एपिलेप्सी म्हटलं. अर्ध्या तासाचा ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख, काढला, गोळ्या सुरू केल्या. परतीच्या रस्त्यात माझे यजमान हेमंत गाडी चालवत होते. नशिराबादजवळ त्यांनी गाडी बाजूला घेतली, रसवंतीवर उसाचा रस सांगितला आणि म्हणाले, "नाव तरी कळलं. इतके दिवस तुला नुसतं वेंधळी म्हणत होतो आपण." त्या वाक्यासाठी मी त्यांना पुढची बरीच भांडणं माफ केली आहेत.

गोळ्यांनी फिट कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. डोस वाढला, तरी महिन्यात एक-दोनदा मी नाहीशी व्हायचेच. डोस वाढला तशी झोप वाढली. मी दुपारी भांडी घासता घासता पेंगायचे. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनीच सांगितलं की फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधायला हवं. धुळ्यात एका रुग्णालयात त्यांच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडम होत्या. तिथे काही दिवस सलग, कॅमेऱ्यासमोर ईईजी काढतात. धुळं म्हटल्यावर मला बरं वाटलं. ओवीला माझ्या आईकडे ठेवता येणार होतं.

तेल

निघायच्या सकाळी अक्कांनी माझ्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं आणि घट्ट वेणी घातली. मी नको म्हणत होते. "शहरात चालली, डोकं कोरडं असलं तं माणूस आजारी दिसतं," अक्का म्हणाल्या. आता आजारी होते म्हणूनच तर चालले होते, पण अक्कांशी वाद घालून मी आजवर जिंकलेली नाही.

धुळ्याला ईईजीच्या तंत्रज्ञ शबानाताईंनी माझी वेणी हातात घेतली आणि डोळे मिटले. तेलावर तारा चिकटत नाहीत. त्यांनी मला तीनदा शाम्पू लावायला लावला. मग फीत घेऊन डोकं मोजलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर पेस्ट लावून एकेक तार बसवली. वरून पट्टीचं पागोटं. सगळ्या तारा एका डबीत जात होत्या आणि ती डबी माझ्या गळ्यात. भिंतीवर कॅमेरा, पडद्यावर माझ्या डोक्यातून निघणाऱ्या रेघांच्या रांगा. ते पाहून हेमंतला हसू आलं. ते म्हणाले, नवरदेव दिसतेस.

सोबत एकच माणूस राहू शकत होतं. शेतात केळीची कापणी आली होती, गाड्या लागल्या होत्या, त्यामुळे हेमंतला परत जाणं भाग होतं. माझ्याजवळ अक्का राहिल्या. त्यांनी घरून पिशवीभर केळी आणली होती. बाहेरचं केळं त्या खात नाहीत, त्यात जीव नसतो म्हणतात.

सगळे कॉक एकदम

डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी पलंगावर बसून समजावलं. मेंदूचा प्रत्येक भाग सतत बारीक विजेचे ठोके देत असतो. प्रत्येक तार आपल्या खालच्या भागाचं ऐकते. मग संगणक दोन-दोन भाग जोडीने घेतो आणि ते किती सोबत चालतात ते मोजतो. थोडं सोबत चालणं गरजेचं, नाहीतर आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू यायचं नाही. पण फिट येते तेव्हा एक भाग शेजाऱ्याला ओढतो, तो पुढच्याला, आणि सगळे एकाच ठेक्यावर चालायला लागतात.

मी विचारलं, "सगळे सोबत चालले तर चांगलंच ना?"

"तुम्ही काय काम करता?" त्यांनी विचारलं. मी ठिबकचं दुकान सांगितलं. सांगता सांगता मलाच कळलं. शेतात मोटर एक असते आणि प्लॉट पाच-सहा. एकेका प्लॉटचा कॉक पाळीपाळीने उघडायचा असतो. घाईत कुणी सगळे कॉक एकदम उघडले की कुठल्याच नळीत दाब राहत नाही. मोटर जोरात चालू असते आणि एकाही झाडाला पाणी नसतं. असे शेतकरी दुकानात येऊन आमच्याच नळ्यांना शिव्या द्यायचे.

मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच. मला शोधायचंय की पहिला कॉक कुठला उघडतो."

पण त्यासाठी फिट यायला हवी होती. ती पकडायला त्या माझ्या गोळ्या हळूहळू बंद करणार होत्या. इथे, त्यांच्या डोळ्यांसमोर, सुरक्षित जागी ती येऊ द्यायची. हे अक्कांसमोरच बोलणं झालं. मॅडम गेल्यावर अक्कांनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फिट यावी म्हनून माणूस भरती करतात? असा दवाखाना मी पाह्यला नाई व माय."

वाट

फिटची वाट पाहणं किती विचित्र असतं ते सांगता येत नाही. जिला आयुष्यभर टाळलं तिला आता ये म्हणायचं. रोज सकाळी शबानाताई येऊन तारा तपासायच्या, सुटलेली एखादी परत चिकटवायच्या. मग जेवण, मग पडद्याकडे बघणं, मग झोप. डोक्याला खाज सुटायची आणि खाजवायचं नाही. आंघोळ नाही. सकाळ-संध्याकाळ अक्का मला शिकरण करून द्यायच्या. घरची केळी, कँटीनचं दूध, घरून आणलेली साखर. किंचित कडवट लागायची. मी कँटीनच्या दुधाला नावं ठेवली.

फिट आली नाही. रेघांमध्ये अधूनमधून एखादं टोक दिसायचं, पण त्यावरून सुरुवात कुठून ते ठरत नव्हतं. मॅडमनी गोळ्या पूर्ण थांबवल्या. तरी नाही.

आई रोज भेटायला यायची, ओवीला शेजारणीकडे ठेवून, कारण लहान मुलांना आत सोडत नव्हते. माझी आई शाळा जेमतेम शिकलेली, अहिराणीच बोलते. "पोरगी मजामा शे. दूध पेस, खेळस. तू तिनी काळजी करू नको. बठ्ठं चांगलं व्हई जाई." सगळं चांगलं होईल असं म्हणून मग ती फोनवर ओवीचे फोटो दाखवायची. एका फोटोत आई तिला पायांवर घेऊन आंघोळ घालत होती. तो पाहून मी तोंड फिरवलं. आईला काय झालं ते कळलं. तिने फोन पिशवीत टाकला आणि माझे पाय दाबत बसली.

हेमंतची आत्या जळगावला राहते. ती एकदा आली, माझ्या पागोट्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "इथे तर धडधाकट आहे. एवढ्या दिवसांत एकदाही नाही आली? घरी काम असलं की येते वाटतं," असं तिने मला नाही, अक्कांना सांगितलं. पण मला ऐकू येईल अशा बेताने. "हल्ली मनाचं पण असं असतं म्हणे," हे आणखी वर.

त्या वाक्याने मी खचले. कारण तोवर तेच माझ्याही मनात येऊ लागलं होतं. मशीन लावली की फिट येत नाही, म्हणजे मी काय करते? ढोंग? आणि रिपोर्ट कोरा निघाला तर घरी जाऊन मी काय सांगू? गोळ्या तशाच, फिट तशीच, आणि ओवी दुसऱ्याच्याच मांडीवर. मी रडले. तारांच्या डबीवर पाणी पडायला नको म्हणून मान वर करून रडले. अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आत्याला उत्तर दिलं नाही याचा मला संताप आला होता. एरवी त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत.

शिकरण

मॅडमना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या आणि उभ्या राहूनच विचारलं, "तुम्ही गोळ्या घेताय का?"

"नाही."

"रक्तात औषध पुरतं आहे. जेवढं भरती झालात तेव्हा होतं तेवढंच."

मी भडकले. मी म्हटलं, तुम्ही थांबवल्यापासून मी एकही गोळी तोंडात घातलेली नाही, इथे कॅमेरा आहे, पाहा. माझा आवाज चढला. मी हेमंतला फोन लावायला निघाले. तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून अक्का म्हणाल्या, "मी देल्ल्या."

आम्हाला आधी कळलंच नाही.

"तिचा दोष नाई. घरच्या गोया माह्या पिशवीत व्हत्या. बारीक करून शिकरणीत टाकत व्हती मी."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्या चिडल्या होत्या, ते दिसत होतं. "अक्का, इतके दिवस वाया गेले. मी सांगितलं होतं ना तुमच्यासमोर?"

"सांगतलं व्हतं." अक्कांनी पदर सारखा केला. "माही बहीन व्हती, दुर्गी. माह्याहून लहान. तिले असंच व्हायचं. चुलीजवय बसेल व्हती भाकरी टाकत. मी अंगनात व्हती, धावत येईपर्यंत ती चुलीत पडेल व्हती. तव्हा आमच्या गावात गोयी नव्हती, कोनाले माहीतच नव्हती. आता गोयी माह्या हातात हाये, अन् मी देऊ नाई? मी पाहात बसू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुर्गीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हेमंतलाही माहीत नव्हतं. मॅडमनी मग अक्कांना पडद्याजवळ नेलं. रेघा दाखवल्या. "ही फिट मला एकदा बघू द्या. कुठून निघते ते कळलं तर थांबवायचं औषध बदलता येईल. तुम्ही तिला वाचवायला फिट लपवलीत, आणि मला ती सापडेना. आता ती आली की मला सांगायचं काम तुमचं." त्यांनी पलंगाला अडकवलेलं बटण अक्कांच्या हातात दिलं. फिट आली की ते दाबायचं. शबानाताईंनी पुढचं शिकवलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि तिला प्रश्न विचारायचे, ती उत्तर देते का ते रेकॉर्ड होतं.

खरं सांगते, त्या दिवशी मी अक्कांशी बोलले नाही. दुर्गीसाठी वाईट वाटत होतं आणि तरी राग जात नव्हता. माझं ते रडणं, आत्याचं ते बोलणं, ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि माहीत असून गप्प बसल्या होत्या. प्रेमाचाही राग येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी नुसतं केळं सोलून माझ्यापुढे धरलं. अख्खं, काही न मिसळलेलं. मी घेतलं.

पडद्यावरची बाई

पुढच्या काही दिवसांत दोन फिट आल्या. मला त्यातलं काहीच आठवत नाही. पण मॅडमनी मला नंतर त्यातली एक दाखवली. बघायचीय का असं त्यांनी आधी विचारलं. मी हो म्हटलं. हेमंत आले होते, त्यांनी माझा हात धरला होता.

स्वतःला नसलेलं पाहणं कसं असतं? पडद्यावर एक पागोटं बांधलेली बाई उशीला टेकून मासिक चाळते आहे. मग ती थांबते. ओठ हलायला लागतात. हात चादरीवर काहीतरी शोधतो. चेहरा माझा आणि त्यात मी नाही. त्याला भूत म्हणणाऱ्यांना मी दोष देणार नाही, मलाही क्षणभर भीतीच वाटली.

मग चित्रात अक्का आल्या. त्यांनी आधी बटण दाबलं. एकदा नाही, दोनदा दाबलं. मला कुशीवर वळवलं. मग कॅमेऱ्याकडे तोंड करून, ग्रामसभेत बोलावं तशा मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "आली. तोंड हालवते. उजवा हात हालवते." मग माझ्याकडे वाकून, "रूपाली, तुही पोरगी कुठी हाये?"

पडद्यावरची बाई काही बोलली नाही.

"तुह्या पोरीचं नाव काय व्हय? सांग बरं."

काही नाही. अक्का परत विचारतात, परत. रडत विचारतात, पण थांबत नाहीत, आणि माझ्या तोंडाला हात लावत नाहीत. शबानाताई धावत आलेल्या दिसतात. शेवटी ती बाई मान वळवते, अक्कांकडे बघते आणि जड जिभेने म्हणते, "ओवी." तिथे अक्का खाली बसतात, कॅमेऱ्यातून नाहीशा होतात. मॅडमनी तिथे व्हिडिओ थांबवला. माझ्याने पुढचं बघवलं नसतं. घरी जायच्या आधी मी अक्कांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, आता हे काय नवीन. पण पाठीवरून हात फिरवला.

नकाशा

मॅडमनी मग डोक्याचं एक चित्र काढून दाखवलं. वरून पाहिलेलं डोकं, त्यावर प्रत्येक तारेच्या जागी एक ठिपका. जे दोन भाग जास्त सोबत चालतात त्यांच्यामध्ये रेघ, जेवढी सोबत जास्त तेवढी रेघ जाड. फिटच्या आधीच्या चित्रात सगळीकडे पातळ रेघा. मग उजव्या कानाच्या वरच्या बाजूला दोन ठिपके जाड रेघेने जोडले गेले. मी अजून मासिकच चाळत होते तेव्हा. थोड्या वेळाने तिथून रेघा आजूबाजूला फुटल्या, आणि मग अर्धं डोकं काळं.

मी त्या दोन ठिपक्यांकडे बघत राहिले. हेच. इथून सुरू होतं. आयुष्यभर मी वेंधळी होते, मन लावत नव्हते, नेटवर्क जात होतं. आणि ते सगळं बोटाने दाखवता येईल एवढ्या जागेत होतं. लोकांना असा रिपोर्ट आला की धक्का बसतो. मला सुटल्यासारखं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, आधी वाटलं होतं की फिट दोन्ही बाजूंनी एकदम सुरू होते, म्हणून तसं औषध होतं. आता नेमकी जागा कळली, तर त्या जातीच्या फिटचं औषध देऊन पाहू. त्यानेही थांबली नाही तर ऑपरेशनचा विचार करता येईल, कारण जागा एकच आहे आणि एका बाजूला आहे. म्हणजे पुढे एक दार आणखी आहे. मी विचारलं, "मुलीला एकटीने कधी घेऊ शकेन?" त्या म्हणाल्या, "आज सांगणार नाही. फिटशिवाय पुरेसे महिने जाऊ द्या. मग मी स्वतः सांगेन."

मधले महिने

नव्या औषधाने पहिले काही आठवडे मला दोन-दोन दिसायचं. जिन्यावर पायरी चुकायचे. चिडचिड तर अशी की हेमंतने एकदा नुसतं मीठ कमी आहे म्हटलं आणि मी ताट आत नेऊन ठेवलं. हे दिवस येतात, हे आधी सांगणारं कुणी असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते. ते जातात. डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका. आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका, शिकरणसुद्धा.

मध्ये एकदा तापात उलट्या झाल्या, गोळी पोटात राहिली नाही, आणि फिट आली. मला वाटलं, संपलं, परत पहिल्यापासून. अक्कांनी डॉक्टर मॅडमना फोन लावला आणि काय काय हललं ते त्याच मोठ्या आवाजात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तापाने आली, घाबरू नका. त्या फिटनंतर महिने परत शून्यापासून मोजावे लागले, पण मोजायला लागलो.

अक्कांमध्ये मात्र एक बदल झाला. गल्लीत कुणाच्या पोराला फिट आली की त्या जातात. कांदा हुंगवणाऱ्यांना बाजूला सारतात, चप्पल आणायला धावणाऱ्याला ओरडतात, पोराला कुशीवर वळवतात. आणि जमलेल्या बायांना दुर्गीबद्दल सांगतात. आधी त्यांनी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

एक मंगळवार

मॅडमनी परवानगी दिली ती एका साध्या तपासणीत, कागदावर काही लिहिता लिहिता. बादलीत पाणी थोडं ठेवा, दाराला कडी लावू नका, आणि घाला तिला आंघोळ. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला. आणि दुसऱ्या दिवशीही आंघोळीच्या वेळी अक्का मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशीही. परवानगी डॉक्टर देऊ शकतात, पण माझ्या घरात ती अक्कांकडूनच यायची होती.

मग एका मंगळवारी सकाळी अक्का चपला घालून अंगणात आल्या. नाना, म्हणजे माझे सासरे, आणि हेमंत शेतात गेले होते. अक्का म्हणाल्या, "मी मळ्यात चालली. पोरीची आंघोय व्हायची हाये." आणि गेल्या. फाटकाचा आवाज आला. मी घरात उभी राहिले. ओवी आणि मी, दुसरं कुणी नाही.

ओवी आता पायांवर मावत नाही. ती स्टुलावर बसते, पाण्याचा मग स्वतःच हातात घेऊन पाणी उडवते आणि मला भिजवते. पायांवर घेऊन घालायच्या आंघोळी माझ्या हातून गेल्याच. त्या परत येणार नाहीत, आणि त्यांचं दुःख मला आजही होतं. पण हे होतं. तिचे केस ओले झाले की ती वेगळीच दिसते, हे मला बाहेरून टॉवेल धरून कधी दिसलं नव्हतं. पाठीवर उजव्या बाजूला तिला एक तीळ आहे. मी तिला साबण लावला, ती गुदगुल्यांनी वाकडी झाली, स्टूल डुगडुगलं, मी धरलं. माझ्या हातांनी धरलं.

"आजी?" तिने दाराकडे बघून विचारलं.

"आजी मळ्यात गेली."

तिने जरा विचार केला आणि पाण्याचा मग माझ्या हातात दिला.

अक्का दुपारी आल्या. पदराने तोंड पुसलं, माठातलं पाणी प्यायल्या. मी वाट बघत होते. आता त्या विचारतील, बरं वाटत होतं ना, काही झालं तं नाही ना, पोटात काही आलं तं नाही ना. गेली दोन वर्षं या घरात मला हेच प्रश्न विचारले गेले होते.

अक्कांनी ओवीला मांडीवर घेतलं, तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "डोये लाल कायले दिसतात? साबण गेला काय?"

"थोडा गेला," मी म्हटलं.

"पोरीची आंघोय बी नीट घालता येत नाई तुले," अक्का म्हणाल्या, आणि मी आत जाऊन पोटभर रडले, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या मला रागावल्या होत्या.